माटोळीचा खेळ : लिनक्सवर गोडो इंजिन बसवतानाच्या प्रकल्प नोंदी

7 जून 2025, शनिवार

चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगली जाणारी माटोळी, म्हणजे फळापानांची सजावट, मुले दरवर्षी पाहतात, पण तिच्यातली रानफळे त्यांना नावाने ओळखता येत नाहीत. ती ओळखता यावीत यासाठी एक छोटा संगणकीय खेळ तयार करायचा आणि तो गावातल्या वाचनालयाच्या पाच संगणकांवर चवथीपूर्वी बसवायचा, हे आज समितीच्या बैठकीत ठरले. यंदा चवथ 27 ऑगस्टला आहे, म्हणजे हातात साधारण अकरा आठवडे आहेत. चित्रे आणि सीन अकरावीत शिकणारी माझी भाची करणार आहे. इंजिन, म्हणजे खेळ तयार करण्याचे सॉफ्टवेअर, बसवणे, कोड लिहिणे आणि वाचनालयातली जोडणी ही कामे माझ्याकडे आहेत. फळांची नावे आणि माहिती शेजारचे आबा देणार आहेत. चवथीच्या आधी स्वतः रानात जाऊन माट्टी, कांगले, घागऱ्या आणि कवंडळे घेऊन येणारे आमच्या वाड्यावर आता ते एकटेच उरले आहेत, आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये असे मला वाटण्याचे कारणही तेच आहे.

इंजिन म्हणून गोडो निवडले. हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्सुर या अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेले हे इंजिन 2014 पासून एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुले आहे. त्यासाठी शुल्क नाही, खाते उघडावे लागत नाही आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटही लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे जोडणी कधी टिकेल आणि कधी नाही याचा भरवसा नसतो, त्यामुळे ही शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली.

वाचनालयातले संगणक इंटेलच्या आय3-4130 प्रोसेसरचे आहेत. मेमरी 4 जीबी, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेले एचडी 4400, आणि त्यांवर डेबियन 12 हे लिनक्स, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह बसवलेले आहे. त्यांतला एक संगणक चाचणीसाठी मी घरी आणला आहे.

8 जून 2025, रविवार

फोनचे इंटरनेट जोडून डेबियनच्या सॉफ्टवेअर भांडारातून एपीटी या आज्ञेने गोडो बसवले. तिथे मिळालेली आवृत्ती तिसऱ्या मालिकेतली, 3.5.2 होती. बसवताना कोणतीही अडचण आली नाही आणि एडिटर लगेच उघडला. देवनागरी फाँट हवा म्हणून त्याच भांडारातून नोटो फाँटचे पॅकेज बसवले, त्यातली नोटो सान्स देवनागरीची फाइल प्रकल्पात घेतली आणि एका लेबलमध्ये ‘माटोळी’ हा शब्द लिहून सीन चालवला. शब्द पडद्यावर अगदी बरोबर उमटला, आणि मराठीची बाजू निभावली असे समजून मी फळांची यादी भरायला बसले.

यादीतला ‘नारळ’ नीट आला, ‘सुपारी’ नीट आली, आणि ‘तोरिंग’ मात्र बिघडला. त्यातली ऱ्हस्व वेलांटी ‘र’च्या आधी येण्याऐवजी त्याच्या पुढे गेली आणि थेट ‘ग’वर जाऊन बसली, त्यामुळे शब्द ‘तोरगिं’सारखा वाचला जाऊ लागला. ‘घागऱ्या’ या शब्दात ‘ऱ’चा पाय मोडलेला दिसत होता आणि त्याच्या शेजारी ‘या’ सुटा उभा होता. ‘माटोळी’ बरोबर दिसण्याचे कारण एवढेच की त्या शब्दात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही आणि रफारही नाही. काना, मात्रा आणि दीर्घ वेलांटी ही चिन्हे ज्या क्रमाने साठवली जातात त्याच क्रमाने उजवीकडे काढली, तरी तो शब्द योग्यच दिसतो. चाचणीसाठी शब्द निवडताना मी हा विचार करायला हवा होता.

दोष फाँटचा नव्हता. गोडोची तिसरी मालिका एकेक चिन्ह साठवलेल्या क्रमाने ओळीत मांडते. देवनागरीला त्याच्या पुढची पायरी लागते : वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, जोडाक्षर घडवणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे. ती पायरी या मालिकेत नाही. 1 मार्च 2023 रोजी आलेल्या चौथ्या मालिकेत मजकुराची यंत्रणा नव्याने लिहिली गेली आणि अक्षरजुळणीचे काम हार्फबझ या तयार कोडसंचाकडे देण्यात आले. तेव्हा भांडारातली आवृत्ती काढून टाकली. यापुढे चौथी मालिका वापरायची, आणि कुठलीही चाचणी ‘घागऱ्या’ आणि ‘तोरिंग’ या दोन शब्दांवरच करायची, असे ठरवले आहे.

14 जून 2025, शनिवार

गोडो 4.4.1 लॅपटॉपवर उतरवून ठेवले होते. ही एकच झिप फाइल असते आणि तिच्यात चालवण्याची एकच फाइल असते. त्याहून वेगळे काही बसवावे लागत नाही. झिप पेन ड्राइव्हवर घेतली आणि पेन ड्राइव्हवरच उघडली. फाइल चालवायला गेल्यावर परवानगी नाकारल्याचा संदेश आला. सीएचमॉडने चालवण्याची परवानगी दिली. त्या आज्ञेने कसलीही तक्रार केली नाही, पण फाइलचे तपशील पुन्हा पाहिले तर परवानगी पूर्वीसारखीच, न बदललेली.

पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा आहे, आणि या पद्धतीत लिनक्सच्या परवानग्या साठवायला जागाच नसते. शिवाय पेन ड्राइव्ह आपोआप जोडताना डेबियन असा पर्याय लावते की ज्या फाइलींचे शेपूट विंडोजच्या ईएक्सईसारखे असेल, त्याच चालवण्याजोग्या समजल्या जातात. सीएचमॉड गप्प राहिले म्हणजे काम झाले असे मी धरून चालले, ती चूक होती. झिप घरफोल्डरात नेऊन तिथे उघडली आणि फाइल पहिल्याच प्रयत्नात चालली. वाचनालयात खेळ नेतानाही ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

15 जून 2025, रविवार

आजचा जवळजवळ सगळा दिवस एका काळ्या खिडकीपुढे गेला.

गोडोचा प्रोजेक्ट मॅनेजर व्यवस्थित उघडत होता. अक्षरे स्पष्ट होती, बटणे प्रतिसाद देत होती. पण नवा प्रकल्प तयार करून तो उघडला की एडिटरची खिडकी काळी होऊन तशीच राहायची आणि थोड्या वेळाने बंद पडायची. प्रथम ग्राफिक्सचे ड्रायव्हर बिघडले असावेत असे वाटले, म्हणून मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचाची पॅकेजेस काढून पुन्हा बसवली. काही फरक पडला नाही. त्यानंतर प्रकल्पाच्या फाइलीत दोष असेल म्हणून तीन वेळा नवे प्रकल्प केले. तिन्ही वेळा तेच झाले. मग मात्र अंदाज बांधणे थांबवून गोडो टर्मिनलमधून, सविस्तर संदेश दाखवणाऱ्या व्हर्बोज पर्यायासह सुरू केले. संदेशांच्या आरंभीच मेसाच्या इंटेल ड्रायव्हरची एक इशारावजा ओळ होती : हॅसवेलसाठी व्हल्कनचा आधार अपूर्ण आहे.

आय3-4130 हा हॅसवेल पिढीचा प्रोसेसर. व्हल्कन हा ग्राफिक्सकडून चित्र काढून घेण्याचा नवा मार्ग, तर ओपनजीएल हा जुना. गोडोच्या चौथ्या मालिकेत चित्र काढण्याच्या तीन पद्धती आहेत. फॉरवर्ड प्लस आणि मोबाइल या दोन पद्धती व्हल्कनवर चालतात, तर कंपॅटिबिलिटी ही पद्धत ओपनजीएल 3.3 वर चालते. नवा प्रकल्प करताना मी फॉरवर्ड प्लस हीच आधीपासून निवडलेली पद्धत तशीच राहू दिली होती. गोडोच्या दस्तऐवजात व्हल्कनच्या पद्धतीसाठी इंटेलची किमान पातळी म्हणून ब्रॉडवेल पिढीतले एचडी 5500 दिले आहे, म्हणजे आमचे संगणक एका पिढीने मागे आहेत. कंपॅटिबिलिटीसाठी मात्र त्याहून जुन्या आयव्ही ब्रिज पिढीतले एचडी 2500 देखील पुरते. प्रोजेक्ट मॅनेजर नीट उघडण्याचे कोडेही यातूनच सुटले : तो नेहमी कंपॅटिबिलिटी पद्धतीनेच चालतो. दोन खिडक्या दोन वेगळ्या वाटांनी रंगवल्या जात होत्या, आणि सकाळपासून मी हाच फरक पुरावा म्हणून वाचायला हवा होता.

खात्री करून घेण्यासाठी एक प्रयोग केला. मेसासोबत लावापाइप नावाचा, व्हल्कनचे सगळे काम प्रोसेसरकडूनच करून घेणारा ड्रायव्हर येतो. गोडोला ग्राफिक्स उपकरणाचा क्रमांक देण्याचा पर्याय वापरून तो निवडला. एडिटर उघडला, जरी प्रत्येक क्लिकनंतर बराच वेळ थांबावे लागत होते. प्रकल्प निर्दोष आहे आणि अडचण या ग्राफिक्सच्या व्हल्कनमध्येच आहे, हे त्यावरून निश्चित झाले.

दुरुस्ती अगदी लहान निघाली. रेंडरिंगची पद्धत एडिटरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून बदलता येते, पण एडिटरच उघडत नसल्यामुळे प्रकल्पाची मुख्य फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडली, रेंडरिंगच्या विभागात रेंडरिंग मेथडची किंमत ‘जीएल कंपॅटिबिलिटी’ अशी लिहिली आणि फाइल जतन केली. एडिटर दहा सेकंदांच्या आत उघडला. आमचा खेळ सपाट, द्विमितीय आहे. फॉरवर्ड प्लसमधल्या प्रकाश-सावलीच्या सोयींची आम्हाला गरज नाही, त्यामुळे या बदलाने काहीही गमावले नाही. ‘घागऱ्या’ आणि ‘तोरिंग’ हे दोन्ही शब्द पडद्यावर बिनचूक आले. त्यासाठी या वेळी मला फाँट निवडावाही लागला नाही.

22 जून 2025, रविवार

भाचीने तिच्या विंडोज लॅपटॉपवर पहिले दोन सीन पूर्ण करून दिले. तिच्याकडे सगळी चित्रे दिसत होती. माझ्याकडे बारापैकी चार चित्रे उघडेनात आणि संसाधन उतरवता आले नाही असे लाल संदेश येऊ लागले. “मावशी, माझ्याकडे तर सगळं चालतंय,” असे तिने फोनवर सांगितले आणि ते खरेच होते.

ज्या चार चित्रांची गडबड होती, त्यांच्या फाइलींच्या रोमन नावांत पहिले अक्षर मोठे होते आणि कोडमध्ये तेच अक्षर लहान लिहिले होते. विंडोज या दोहोंत भेद करत नाही. लिनक्ससाठी ती दोन वेगळी नावे आहेत. लॅपटॉपवर तिला गोडोने पिवळ्या अक्षरांत तसा इशाराही दिलेला होता, पण खेळ चालत असल्याने तिचे त्याकडे लक्ष गेले नाही. फाइलींची सगळी नावे लहान अक्षरांत करायची असा नियम घातला. विंडोजवर केवळ अक्षराचा लहानमोठेपणा बदलला तर गिटला, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनाला, तो बदल कळतच नाही, म्हणून नावे गिटच्या मूव्ह आज्ञेने बदलून घेतली.

5 जुलै 2025, शनिवार

काल रात्री जोराच्या वाऱ्यापावसात वीज गेली, तेव्हा एडिटर नव्या चित्रांची आयात करत होता. आज प्रकल्प उघडल्यावर कवंडळाच्या जागी रिकामा चौकोन होता. मूळ चित्राची फाइल शाबूत होती. प्रकल्पाच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या नावाचा, एरवी न दिसणारा गोडोचा एक फोल्डर असतो. प्रत्येक चित्राची इंजिनाला सोयीची केलेली प्रत गोडो तिथे ठेवते. तिथे पाहिल्यावर कवंडळाची प्रत शून्य बाइटची आढळली. लिहिणे पूर्ण होण्याआधीच वीज गेली होती.

हा फोल्डर पूर्णपणे पुन्हा तयार करता येण्याजोगा असतो. एडिटर बंद करून तो संपूर्ण काढून टाकला आणि प्रकल्प पुन्हा उघडला. सुमारे दोन मिनिटांत सगळी आयात नव्याने झाली. हा फोल्डर गिटमध्ये ठेवायचा नसतो. याउलट, प्रत्येक चित्राशेजारी तयार होणारी इम्पोर्टची छोटी फाइल आणि 4.4 पासून स्क्रिप्टशेजारी येणारी यूआयडीची फाइल, या दोन्ही गिटमध्ये असायलाच हव्यात. भाचीने त्या निरुपयोगी समजून वगळल्या होत्या. त्या परत घेतल्या.

12 जुलै 2025, शनिवार

आबांच्या आवाजात बारा फळांची नावे ध्वनिमुद्रित केली. वाचनालयाच्या संगणकावर वाजवताना आवाज मधूनमधून तडतडत होता. ऑडिओ ड्रायव्हरच्या आउटपुट लेटन्सीची, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधीच्या विलंबाची, मूळ किंमत 15 मिलिसेकंद असते, ती 40 केली आणि तडतड थांबली. फळावर क्लिक आणि आवाज यांतले अंतर कानाला जाणवत नाही.

13 जुलै 2025, रविवार

खेळाचा दुसरा टप्पा असा आहे की फळाच्या नावातली अक्षरे विस्कळीत करून पाटीवर मांडायची आणि मुलांनी ती क्रमाने लावायची. मी शब्दाची लांबी मोजून एकेक चिन्ह वेगळे करणारा साधा कोड लिहिला, आणि ‘घागऱ्या’ या शब्दाच्या सात पाट्या तयार झाल्या : घ, काना, ग, ऱ, पाय मोडल्याची खूण, य आणि पुन्हा काना. काना एकटाच छापला की इंजिन त्याच्या बाजूला टिंबांचे वर्तुळ काढते. ते वर्तुळ पाहून भाचीने विचारले, “मावशी, हे शून्य कसलं?” पहिलीतल्या मुलालाही या शब्दात घा, ग आणि ऱ्या अशी तीनच अक्षरे आहेत हे ठाऊक असते. संगणकाच्या हिशेबी ती सात चिन्हे आहेत.

यासाठी मी स्वतंत्र फंक्शन लिहिले. शब्द डावीकडून वाचत जायचा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा पाय मोडल्याची खूण आली तर ती आधीच्या अक्षराला जोडायची. आणि आधीचे चिन्ह पाय मोडल्याची खूण असेल तर पुढचे व्यंजनही त्याच अक्षरात घ्यायचे. बाराही नावे या नियमाने योग्य फुटली.

एक बारकावा मात्र पुढेही उपयोगी पडेल म्हणून नोंदवून ठेवते. भाचीने टंकलेला ‘ऱ’ आणि मी टंकलेला ‘ऱ’ दिसायला सारखेच होते, तरी खेळ तिचे बरोबर उत्तर चूक ठरवत होता. माझ्या कीबोर्डवरून ते अक्षर एकाच संकेतांकाने, 0931 ने, साठवले जात होते, तर तिच्या फोनवरून ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता असे दोन संकेतांक येत होते. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत, परंतु दोन मजकुरांची थेट तुलना करणाऱ्या कोडला ती वेगळीच वाटतात. आता यादी वाचतानाच दुसरे रूप पहिल्यात बदलून घेते.

26 जुलै 2025, शनिवार

खेळ एडिटरविना चालणाऱ्या स्वरूपात काढण्याचा, म्हणजे एक्स्पोर्टचा पहिला प्रयत्न केला. त्यासाठी लागणारी एक्स्पोर्ट टेम्प्लेटे वेगळी उतरवावी लागतात. ती आकाराने बरीच मोठी आहेत आणि इंजिनाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागतात, 4.4 ची टेम्प्लेटे 4.4.1 ला चालत नाहीत. तिसऱ्या प्रयत्नात ती पूर्ण उतरली आणि फाइलमधून बसवण्याच्या पर्यायाने बसवली.

एक्स्पोर्टनंतर दोन फाइली तयार होतात : एक चालवण्याची आणि दुसरी चित्रे, आवाज व स्क्रिप्ट असलेली पीसीके. मी दुसऱ्या फोल्डरात फक्त पहिली नेली. प्रकल्पाची माहिती सापडत नाही, पीसीके फाइल राहिली आहे का, अशी विचारणा करणारा संदेश आला. दोन्ही फाइली एकाच जागी आणि एकाच नावाने असाव्या लागतात. वाचनालयात कोणी नकळत एकच फाइल हलवू नये म्हणून पीसीके आतच सामावून घेण्याचा पर्याय निवडला. झालेली एकच फाइल टार पद्धतीने बांधली. टार परवानग्या आपल्या आत जपून ठेवतो, त्यामुळे पेन ड्राइव्ह फॅट32 चा असला तरी घरफोल्डरात उघडल्यावर फाइल चालते.

2 ऑगस्ट 2025, शनिवार

आज वाचनालयात उरलेल्या चार संगणकांवर खेळ बसवायला गेले. पहिल्या संगणकावर खेळ उघडला. माटोळीचे चित्र आले, आबांचा आवाज आला, आणि शीर्षकाच्या जागी सहा चौकोन आले. प्रत्येक चौकोनात बारीक रोमन अंक-अक्षरे होती. जवळ जाऊन वाचली तेव्हा पहिल्या चौकोनात 092ई आणि दुसऱ्यात 093ई होते. हे ‘म’ आणि काना यांचे युनिकोड संकेतांक आहेत. ‘माटोळी’ हा शब्द त्या संगणकावर संकेतांकांच्या रूपात लिहिला जात होता. ग्रंथपाल बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना हे काय आहे ते समजावून सांगताना मला मनातून फार वाईट वाटले.

गोडोचा अंगचा फाँट देवनागरी जाणत नाही. प्रकल्पात दुसरा फाँट दिलेला नसेल तर इंजिन संगणकावर बसवलेले फाँट शोधते आणि त्यांतून अक्षरे घेते. कुठेच सापडली नाहीत तर असे चौकोन काढते. घरी आणलेल्या संगणकावर शब्द बिनचूक दिसत होते, कारण 8 जूनला तिसऱ्या मालिकेच्या चाचणीसाठी मीच त्यावर नोटोचे पॅकेज बसवले होते. 15 जूनला ‘फाँट निवडावाही लागला नाही’ असे मी समाधानाने लिहिले, तिथेच थांबून हे का घडले असा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. 8 जूनपासूनच चाचणीचा संगणक बाकीच्या चौघांसारखा राहिलेला नव्हता, आणि जवळजवळ आठ आठवडे मी त्याच्यावरच विसंबून होते. एफसी-लिस्ट या आज्ञेला मराठीचा संकेत देऊन विचारले, तेव्हा घरच्या संगणकाने फाँटची यादी दिली आणि वाचनालयातल्या संगणकांनी एकही ओळ दिली नाही. जागा वाचवण्यासाठी त्यांवर शिफारशीची पॅकेजेस वगळून डेबियन बसवण्यात आले होते.

चारही संगणकांवर नोटो बसवणे हा एक उपाय होता, पण तो मी घेतला नाही. उद्या हा खेळ दुसऱ्या एखाद्या शाळेत नेला तर तिथेही हाच प्रश्न उभा राहील. नोटो सान्स देवनागरीची फाइल प्रकल्पातच ठेवली, तिचा परवाना असे वाटप करायला मुभा देतो, आणि प्रकल्पाच्या मांडणीत तोच फाँट सर्वत्र लागू केला. त्याशिवाय त्या फाँटच्या आयातीत संगणकावरचे फाँट वापरण्याची मुभा बंद केली. आता एखादे चिन्ह आमच्या फाँटमध्ये नसेल तर त्याचा चौकोन माझ्याच पडद्यावर दिसेल, वाचनालयात पोहोचेपर्यंत लपून राहणार नाही.

चौथ्या संगणकाने फाइलचे स्वरूप चुकीचे आहे असे सांगून ती चालवायलाच नकार दिला. यूनेम आज्ञेने कळले की प्रोसेसर तोच असला तरी त्यावर 32-बिट डेबियन बसवलेले आहे. पुस्तकांची सूची त्याच संगणकावर असल्याने तो पुन्हा बसवण्याचा धोका पत्करायचा नाही. त्याच्यासाठी 32-बिटची वेगळी एक्स्पोर्ट काढेन.

3 ऑगस्ट 2025, रविवार

फाँट प्रकल्पात घेतल्यावर एक नवी गोष्ट नजरेस आली. ‘नारळ’ बरोबर होता, पण सूचनेतल्या ‘फूल’ आणि ‘शोधा’ या शब्दांतले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत होते. वाचायला अडचण येत नाही, पण मुलांच्या पाठ्यपुस्तकात ही अक्षरे अशी नसतात, आणि अक्षरओळखीच्या वयातल्या मुलांसमोर वेगळे वळण ठेवणे मला पटत नाही.

नोटो सान्स देवनागरीत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेतच, मात्र मजकूर मराठी आहे असे इंजिनाने अक्षरजुळणीच्या वेळी सांगितले तरच फाँट ते देतो. संगणकांची भाषा इंग्रजी असल्यामुळे गोडो तीच भाषा पुढे कळवत होते. खेळ सुरू होताच भाषा ‘एमआर’ करणारी एक ओळ आरंभीच्या स्क्रिप्टमध्ये घातली, आणि सगळ्या लेबलांतले ‘ल’ व ‘श’ मराठी झाले. आजवर देवनागरीसाठी घातलेल्या ओळींपैकी सर्वांत लहान ओळ हीच, पण तिने मला सर्वांत अधिक समाधान दिले.

16 ऑगस्ट 2025, शनिवार

पाचही संगणकांवर नव्या एक्स्पोर्ट बसवल्या. 32-बिट संगणकही चालला. या वेळी प्रत्येक पडद्यासमोर बसून बाराही नावे एकेक करून वाचली; सर्व बरोबर आहेत. घरच्या संगणकावरचे नोटोचे पॅकेज काढून मगच तो परत आणला.

23 ऑगस्ट 2025, शनिवार

आबांना वाचनालयात नेऊन खेळ दाखवला. स्वतःचा आवाज ऐकल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर कवंडळाच्या चित्रापाशी थांबले. “बाय, हे फळ तू टेबलावर ठेवून वरून काढलंस. माटोळीत पोर मान वर करून बघतं, त्याला फळ खालून दिसतं,” असे त्यांनी सांगितले. बाराही चित्रे याच नजरेने पाहिली, तेव्हा सात चित्रे वरून किंवा समोरून घेतलेली निघाली. ही चूक कुठल्याही संदेशात येणारी नव्हती.

25 ऑगस्ट 2025, सोमवार

भाची आणि मी सकाळी डिचोलीला माटोळीच्या बाजारात गेलो. विकायला टांगलेल्या कवंडळांची, तोरिंगांची आणि सुपारीच्या घोसांची चित्रे खाली बसून, कॅमेरा वर धरून घेतली. फाइलींची नावे पूर्वीचीच आणि लहान अक्षरांतच ठेवली, त्यामुळे कोडमध्ये काहीही बदलावे लागले नाही. जुन्या चित्रांवर नवी ठेवताच एडिटरने ती आपोआप आयात केली. दुपारी दोन्ही एक्स्पोर्ट काढल्या, टार बांधले आणि वाचनालय बंद होण्याआधी पाचही संगणकांवर उघडले. शेवटच्या संगणकावर ‘घागऱ्या’ लावून पाहिला. तीन पाट्या आल्या.